कोणते ग्राफिक्स कार्ड घेऊ, असे तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्या ओळखीत कुणी गेमिंगसाठी संगणक असेंबल करायला घेतला की माझ्याकडे येणारा प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या पैशांत कोणते ग्राफिक्स कार्ड घेऊ? कधी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेला मुलगा तो विचारतो, कधी त्याचे वडील विचारतात. त्यावर मी आधी दोन गोष्टी विचारून घेतो. मॉनिटर कोणता असणार आहे, आणि भिंतीतल्या ज्या सॉकेटला हा संगणक जोडायचा आहे त्याला अर्थिंग आहे का? दोन्ही गोष्टी कॅबिनेटच्या बाहेरच्या असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की मी मूळ प्रश्न टाळतो आहे. परंतु माझे ठाम मत असे आहे की आतल्या प्रत्येक भागाची निवड या दोन टोकांवरून ठरते, आणि ती न पाहता घेतलेल्या महागड्या कार्डाच्या पैशांचे चीज होत नाही.

मॉनिटरपासून सुरुवात करण्याचे कारण साध्या गणितात आहे. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. दुकानात ज्याला टू-के म्हणतात त्या १४४०पी मॉनिटरवर ते ३६.९ लाख होतात, आणि फोर-के मॉनिटरवर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. हे सगळे ठिपके ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रासाठी, नव्याने रंगवावे लागतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा, असेल तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा असेल तर जेमतेम ६.९. प्रोसेसरचे काम वेगळे आहे. खेळाडू कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली तर तिचे तुकडे कुठे पडले, याचा हिशेब तो प्रत्येक फ्रेमला करतो आणि काय काढायचे ते कार्डाला सांगतो. हा हिशेब ठिपके किती आहेत यावर फारसा अवलंबून नसतो, फ्रेम किती हव्यात यावर असतो. म्हणून मॉनिटरचे रिझोल्यूशन वाढवले की भार कार्डावर पडतो, आणि हर्ट्झ वाढवून तितक्या फ्रेम मागितल्या की कार्डाबरोबर प्रोसेसरचीही परीक्षा होते.

एवढे लक्षात घेतले की पुष्कळ गोंधळ आपोआप मिटतो. ज्याला व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ फुल एचडीवर २४० हर्ट्झने खेळायचे आहे, त्याने प्रोसेसरवर पैसे टाकावेत आणि कार्ड मध्यम घ्यावे. ज्याला सायबरपंक २०७७ सारखा खेळ १४४०पी मॉनिटरवर सगळ्या प्रकाशछायांसह निवांत खेळायचा आहे, त्याने सहा कोअरचा साधा प्रोसेसर घेऊन उरलेली रक्कम कार्डाकडे वळवावी. अशा दुसऱ्या प्रकारच्या संगणकात मॉनिटर सोडून होणाऱ्या खर्चाचा ४० टक्क्यांच्या आसपासचा भाग कार्डावर जाणे मला योग्य वाटते. दोन भागांची नावे टाकली की ‘बॉटलनेक’ इतके टक्के असे उत्तर देणारी जी गणकयंत्रे इंटरनेटवर आहेत, त्यांवर मी विश्वास ठेवत नाही, कारण खेळ आणि त्याची सेटिंग बदलली की तेच दोन भाग एकमेकांसाठी थांबण्याचे प्रमाण पूर्णपणे बदलते.

आता कार्डाबद्दल. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्ही कार्डांच्या ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्या आहेत; चिप तीच, फरक मेमरीचा. मी जवळजवळ प्रत्येकाला १६ जीबीची आवृत्ती सुचवतो. खेळातल्या पृष्ठभागांची चित्रे, म्हणजे टेक्स्चर, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावली नाहीत तर ती संगणकाच्या रॅममधून मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने ये-जा करू लागतात. तो मार्ग कार्डाच्या मेमरीपेक्षा कितीतरी मंद असल्यामुळे सरासरी फ्रेम बऱ्या दिसल्या तरी खेळ मध्येच अडखळतो. त्यातही ५०६० टीआय हे कार्ड या मार्गाच्या १६ ऐवजी ८ लेनच (पदर) वापरते, त्यामुळे पीसीआय ३.० च्या जुन्या मदरबोर्डावर त्याची ८ जीबीची आवृत्ती बसवली तर अडखळणे अधिकच जाणवते. घरातल्या जुन्या संगणकात नुसते कार्ड बदलून घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट आवर्जून पाहावी. डीएलएसएस आणि एफएसआर या तंत्रांमुळे कार्ड कमी ठिपक्यांवर काम करून चित्र मोठे करू शकते. फोर-केवर डीएलएसएसची ‘क्वालिटी’ सेटिंग ठेवली तर आत १४४०पीचेच चित्र तयार होते. ही सोय मला मनापासून आवडते, पण फुल एचडीवर मुळातच ठिपके कमी असल्यामुळे तिथे तिचा गुण कमी दिसतो, म्हणून तिच्या भरवशावर दुबळे कार्ड घेऊ नये.

प्रोसेसर निवडताना त्याचे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची तो बसण्याची जागा, आधी पाहावे, कारण पुढे चार वर्षांनी काय बदलता येईल हे त्यावर ठरते. एएमडीचे एएम४ सॉकेट याचे उत्तम उदाहरण आहे. २०१७ मध्ये पहिला रायझन घेतलेल्या अनेकांना त्याच मदरबोर्डावर, बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून, २०२२ मधला ५८००एक्स३डी बसवता आला. या एक्स३डी मालिकेत प्रोसेसरवर कॅशचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वेगवान मेमरीचा, एक जादा थर चढवलेला असतो. ५८००एक्स३डीवर तो धरून ९६ एमबी एल३ कॅश होते, आणि वारंवार लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता जवळच मिळाल्यामुळे खेळांत त्याचा ठळक फायदा दिसतो. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणून आज नवी जुळणी करणाऱ्याला मी एएम५ चा चांगला बी-मालिकेतला मदरबोर्ड आणि रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर सुचवतो. पुढे पैसे आले की एक्स३डी बसवता येतो. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीतले प्रोसेसर जुने म्हणून स्वस्तात घेणाऱ्याने मात्र सावध असावे. जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले काही कालांतराने अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झालेली हानी मायक्रोकोडने भरून निघत नाही.

रॅम एकाच काडीत न घेता दोन काड्यांत घ्यावी, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात. चार खाचांच्या मदरबोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. एएम५ साठी डीडीआर५ ची ६००० वेगाची जोडी पुरेशी आहे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेले, आणि तेव्हापासून ३२ जीबीचा सरसकट आग्रह मी सोडला आहे. १६ जीबीची जोडी घेऊन सुरुवात केली तरी बहुतेक खेळ नीट चालतात. माहिती साठवणारी एसएसडी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची असावी, एवढे पुरे. सेकंदाला ३५०० एमबी आणि ७००० एमबी वेगाच्या दोन एसएसडींमध्ये खेळ उघडण्याच्या वेळेचा फरक इतका थोडा असतो की त्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा जागा दुप्पट घ्यावी.

ज्या भागावर लोक सर्वांत आधी कात्री चालवतात तो म्हणजे एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज बदलून आतल्या भागांना पुरवणारा डबा, आणि माझा सर्वांत जास्त आग्रह त्याच्याबद्दल आहे. फ्रेम वाढवत नाही, दिसत नाही, म्हणून कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला किंवा नाव नसलेला एसएमपीएस लावून मोकळे होण्याकडे कल असतो. वर सांगितलेल्या जुळणीत कार्ड १८० वॅट आणि प्रोसेसर ९० वॅटच्या आसपास घेतो. पंखे, एसएसडी आणि मदरबोर्ड धरून सगळे मिळून ३५० वॅटच्या आत राहते, तेव्हा नामांकित कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे. मात्र ग्राफिक्स कार्ड वीज सरळ रेषेत घेत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती त्याची मागणी एकदम उसळते, आणि हलका एसएमपीएस अशा वेळी बंद पडतो किंवा व्होल्टेज ढासळू देतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या सहन करण्याची अट घातलेली आहे, म्हणून खोक्यावर ते मानक शोधावे. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, आतल्या संरक्षण व्यवस्थेबद्दल काही सांगत नाही. सुट्या केबलींचा एसएमपीएस बदलताना जुन्या केबली नव्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी कंपनीगणिक तारांचा क्रम वेगळा असतो, आणि चुकीच्या तारेतून गेलेले १२ व्होल्ट एसएसडी एका क्षणात जाळतात.

आता त्या भिंतीतल्या सॉकेटकडे येतो. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि भाड्याने दिलेल्या अनेक खोल्यांत सॉकेट तीन पिनांचे असते, पण तिसऱ्या भोकाच्या मागे तारच जोडलेली नसते. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर वीजवाहिनीतला गोंगाट अर्थिंगच्या तारेत सोडण्यासाठी ठेवलेले असतात. ती तार नसली की कॅबिनेटचा धातू २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, तरी अनवाणी पायांनी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर लावला तर दिवा लागतो. लोक अशा वेळी संगणक बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातात, तिथे तो व्यवस्थित असतो, आणि घरी आणला की पुन्हा तेच. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यायला जो खर्च येतो तो संगणकाच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि घरातल्या मुलांच्या जिवाशी संबंधित असल्यामुळे या बाबतीत मी कुणाचीही टाळाटाळ ऐकून घेत नाही.

वीज जाण्याचा विचारही इथेच करावा. दुकानात सहज मिळणाऱ्या ६०० व्हीए यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच असते, त्यामुळे मॉनिटर धरून ती अपुरी पडते. ११०० व्हीए घ्यावी. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर तो साइनवेव्हचा असावा आणि त्याचे बटण ‘यूपीएस मोड’वर असावे, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ एसएमपीएस तग धरू शकतो त्यापेक्षा जास्त असतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो.

नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूंच्या वाचकांसाठी उष्णतेबद्दल एक सांगायला हवे. कोणताही हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोहोंतले अंतर आटोक्यात ठेवतो. पंचवीस अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जातो, आणि रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ आहे. समोर काच असलेले देखणे कॅबिनेट टाळून जाळीचे घ्यावे, आणि हवा आत घेणाऱ्या बाजूला धुण्याजोगा फिल्टर असावा.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा किंवा घरबसल्या करा, पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी बिलाशिवाय घेतलेल्या कार्डाची वॉरंटी मागताना अडचण येते. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाला कार्ड आणायला सांगणाऱ्यांनी आधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात लागू आहे का ते पाहावे. पुष्कळदा ती विक्रीच्या देशापुरतीच असते. वापरलेले कार्ड घ्यायला माझी हरकत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडल्यानंतर तशी कार्डे बाजारात भरपूर आली. फक्त पैसे देण्यापूर्वी एखादा जड खेळ अर्धा तास चालवून पंखे आणि तापमान डोळ्यांनी पाहावे.

जुळणी पूर्ण झाल्यावर तीन गोष्टी तपासल्याशिवाय कार्डाबद्दल निराश होऊ नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टमध्ये आहे ना. बायोसमध्ये रॅमचे एक्स्पो किंवा एक्सएमपी प्रोफाइल चालू केले आहे ना, कारण ते चालू करेपर्यंत ६००० ची रॅम तिच्या मूळ मंद वेगानेच चालते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडले आहे ना, कारण अनेकदा तिथे ६० च राहिलेले असते.