तुम्ही विचारलंत म्हणून : घरात बंदूक आहे का?

दर डिसेंबरात अमेरिकेतून कुडाळला माहेरी गेले की पहिले दोन दिवस आंब्याचा मोहोर, हायवेचं काम आणि वर्षभरात कोण कोण गेलं यांत जातात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच. कधी भावजय, कधी शेजारचे काका. मागच्या खेपेला तर स्टेशनवरून घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्याने विचारलं. "तुमच्याकडे तिकडे घरात बंदूक आहे का हो?" मी नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. "मग ते लोक बंदी का घालत नाहीत? पोरांना शाळेत पाठवायला भीती नाही वाटत?"

आजवर मी वेळ मारून नेत आले. "वाटते की," म्हणायचं आणि चहाचा कप उचलायचा. या वेळी मावसबहिणीने पिच्छा सोडला नाही. म्हणाली, "अठरा वर्षं राहतेस तिथे. तुला नाही सांगता येणार तर कोणाला?" तर तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

नाही, आमच्या घरात बंदूक नाही. माझ्या माहेरच्या घरात मात्र होती.

आजोबांची ठासणीची बंदूक. सिंधुदुर्गात हे काही नवल नव्हे. शेतीसंरक्षणाचा परवाना काढून बंदूक बाळगणारी आमच्या वाडीतच तीन-चार घरं होती. रानडुकरं एका रात्रीत भाताचा अख्खा कुणगा लोळवून जातात, नारळावर माकडं असतात ती वेगळीच. नळीत दारू ओतायची, वर चिंधी घालून गजाने ठासायची, मग छर्रे, परत ठासायचं, शेवटी केप लावायची. एवढं होईस्तोवर डुकर पुढच्या वाडीत पोचलेलं असे. बहुतेक वेळा आजोबा नुसता बार काढून परत येत. पण नियम पक्का होता आणि तो ते आल्यागेल्याला ऐकवत. "बंदूक भिंतीर, दारू फडताळात आणि चावी माज्या कमरेक." निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घेऊन यायचं. ते मुकाट्याने करत, पण वाटेत भेटेल त्याला विचारत, "निवडणूक लागली ती डुकरांक कळता काय?"

एकदा माझ्या चुलतभावाने ती खुंटीवरून उतरवली. सात-आठ वर्षांचा असेल. बंदूक रिकामीच होती. आजोबा त्याला एक शब्द बोलले नाहीत. ते आजीवर आणि काकांवर ओरडले, पोराचा हात पोचतो तिथे खुंटी कोणी ठोकली म्हणून. खुंटी त्यांनीच ठोकली होती. आजीने ते बोलून दाखवल्यावर ते गप्प झाले आणि संध्याकाळी शिडी लावून खुंटी आढ्याजवळ नेली.

आता मी राहते तिथलं सांगते. मिशिगन राज्य, डेट्रॉइटच्या वायव्येला ओकलंड काउंटी, त्यातलं नोव्हाय. किराणा दुकानात आमसुलं मिळतात इतकी आपली मंडळी इथे आहेत. पण तासाभराने उत्तरेला गेलं की वेगळं मिशिगन सुरू होतं. तिथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम उघडतो आणि ३० तारखेला संपतो. उत्तरेकडच्या बऱ्याच शाळांना १५ तारखेला सुट्टी असते, आमच्याकडे शिमग्याला असते तशी. आजोबांबरोबर जंगलात गेलो, पहिलं हरीण मारलं, मांस शेजाऱ्यांना वाटलं, असल्या आठवणी माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे आहेत. त्यांना बंदूक म्हटल्यावर खून आठवत नाही, आजोबा आठवतात. मला ते कळतं, कारण मलाही तेच आठवतात.

सरसकट बंदीचं म्हणाल तर तो वादाचा विषयच नाही. १७९१ सालापासून इथल्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा माणसाचा वैयक्तिक हक्क आहे. २०२२ मध्ये तो हक्क घराबाहेरही नेला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नागरिकाने कलेक्टरला कारण द्यायचं, इथे सरकारने कोर्टाला कारण द्यायचं. सगळा फरक त्यात आला. त्यामुळे इथली भांडणं तुम्हाला वाटतात त्याहून पुष्कळ लहान गोष्टींवर असतात. विकत घेणाऱ्याची चौकशी कुठे कुठे करायची, मानसिक तोल गेलेल्या माणसाकडची बंदूक कोर्टाने काढून घ्यायची का, आणि घरात तिला कुलूप लावायची सक्ती करायची का. कुलूप! यावर लोक विधिमंडळाबाहेर खांद्याला रायफली लटकावून उभे राहतात.

आणखी एक, जे सांगितलं की गावात कोणाचा विश्वास बसत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे टीव्हीवर दिसतं त्याच्या बाहेरच मोठा भाग आहे. तो घरातल्या कपाटात, टेबलाच्या खणात, गाडीच्या डॅशबोर्डात घडतो.

आता शाळेचं. आमच्या राज्यात शाळांनी वर्षाला आगीचे पाच सराव घ्यायचे, वादळाचे दोन आणि लॉकडाऊनचे, म्हणजे कोणी हल्लेखोर शिरला तर दारं लावून लपून बसायचे, तीन, असा कायदा आहे. माझी मुलगी बालवाडीत असताना लॉकडाऊनला "उंदरासारखं गप्प बसायचा खेळ" म्हणायची. आता काहीच म्हणत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, आमच्याच काउंटीतल्या ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार केला. चार मुलं गेली, सहा मुलं आणि एक शिक्षिका जखमी झाली. त्या आठवड्यात धमक्या आणि अफवा इतक्या पसरल्या की आसपासच्या कित्येक शाळा बंद ठेवल्या. मुलगी दोन दिवस घरी होती. मी ऑफिसच्या मीटिंगा स्वयंपाकघरातून केल्या आणि दर दहा मिनिटांनी उगीचच तिच्या खोलीत डोकावले.

पण या प्रकरणाचं मला छळणारं वेगळंच आहे. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, विकत घेतलं होतं, मुलाला म्हणून. गोळीबाराच्या सकाळी शिक्षिकेला मुलाच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं आणि रक्तबंबाळ माणसाचं चित्र दिसलं, शेजारी विचार थांबत नाहीत, मदत करा अशा अर्थाचा मजकूर. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं. ते आले, मुलाला घरी नेलं नाही, आपापल्या कामावर परत गेले. घरात नवं पिस्तूल आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि दप्तर कोणी उघडून बघितलं नाही. पिस्तूल दप्तरात होतं. साधारण दोन तासांनी ते बाहेर आलं.

तोवर मिशिगनमध्ये घरातल्या बंदुकीला कुलूप घालण्याचा कायदाच नव्हता. म्हणून सरकारी वकिलांनी आईवडिलांवर थेट सदोष मनुष्यवधाचा खटला भरला. मुलाने शाळेत केलेल्या अशा गोळीबारासाठी आईबापांवर हा आरोप अमेरिकेत आधी झाला नव्हता. मुलाला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. आईला ज्यूरीने ६ फेब्रुवारी २०२४ ला दोषी ठरवलं, वडिलांना १४ मार्चला. ९ एप्रिलला दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात एक वस्तू दाखवली गेली. पिस्तुलाबरोबर फुकट मिळालेलं केबलचं कुलूप. घालायला काही सेकंद लागतात. ते पाकिटातून बाहेरच काढलेलं नव्हतं.

इथे बंदूकवाल्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य असं असतं की दोष बंदुकीचा नाही, माणसाचा. कायदे नकोत, वैयक्तिक जबाबदारी हवी. मी ते हजारदा ऐकलंय आणि दर वेळी मला ती पळवाट वाटली. या निकालाने मात्र त्यांचा शब्द खरा मानला. जबाबदारी वैयक्तिक आहे ना? मग ही घ्या. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) त्यानंतर बाजू कोणाची कोणती तेच मला कळेना. आमचा शेजारी पक्का शिकारी, गाडीवर दुसऱ्या दुरुस्तीचं स्टिकर, तो म्हणाला दहा वर्षं कमी आहेत. कायद्याचा कीस काढणारी माझी मैत्रीण, जी दरवर्षी बंदूकविरोधी मोर्चाला जाते, ती म्हणाली मला भीती वाटते. आज हे श्वेतवर्णीय आईबाप आहेत, उद्या हेच हत्यार डेट्रॉइटमधल्या दोन पाळ्या करणाऱ्या गरीब आईवर चालवतील. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. शाळेतल्या कोणावर गुन्हा दाखल झाला नाही, आणि गेलेल्या मुलांच्या पालकांचा राग आजही त्यावर आहे. तेही मला खोडता येत नाही. तरी मी शेजाऱ्याच्या बाजूची आहे.

फेब्रुवारीत आईचा निकाल लागला त्याच आठवड्यात तुमच्याकडूनही व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय येत होतं ते आठवा. २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात आमदाराने केलेल्या गोळीबाराचं सीसीटीव्ही. ८ तारखेला दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाचा खून, मग मारणाऱ्याने स्वतःवरही गोळी झाडली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, आणि अंगरक्षकाला अटक झाली. म्हणजे पिस्तूल एकाचं, हात दुसऱ्याचा, आणि ते त्याच्या हाती पडू कसं दिलं हा प्रश्न. फॅमिली ग्रुपवर मात्र सगळे राजकारणावरच बोलत होते.

कुलपाचा कायदा मिशिगनमध्ये अखेर झाला. १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तीन विद्यार्थी गेले. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा डेमोक्रॅट्सकडे आली होती, म्हणून त्या वसंतात विधेयकं मंजूर झाली आणि बरोबर वर्षाने, १३ फेब्रुवारी २०२४ ला, लागू झाली. घरात अल्पवयीन मूल राहत असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर बंदूक कुलपाच्या पेटीत ठेवायची, नाहीतर रिकामी करून कुलूप घालायची. शेजारी यावर चिडला. "रात्री दोनला चोर आला तर चावी शोधत बसू?" स्वतःची सगळी हत्यारं तो कुलपात ठेवतो. पण सरकारने सांगितलेलं कुलूप त्याला नको.

तो कुलपात ठेवतो हे मला ठाऊक आहे, कारण मी विचारलं होतं. ऑक्सफर्डनंतर महिन्याभरात माझी मुलगी त्यांच्याकडे रात्री राहायला जाणार होती. इथल्या बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात की जसं कुत्रं आहे का, मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे असं बोलता, तसंच घरात बंदूक आहे का तेही विचारा. सांगायला सोपं आहे. दुसऱ्याच्या दारात उभं राहून हे विचारताना माझी जीभ टाळूला चिकटली होती. तो अजिबात रागावला नाही. मला तळघरात घेऊन गेला, पुरुषभर उंचीची तिजोरी दाखवली, गोळ्यांची वेगळी पेटी दाखवली, आणि खिशावर थाप मारून म्हणाला, चावी इथे. आजोबांचा नातलगच वाटला मला तो त्या क्षणी.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. आमच्या इथल्या सगळ्यात जवळच्या मराठी कुटुंबात, जिथे माझी मुलगी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मुलीबरोबर वाढली, जिथे आम्ही एकत्र फराळ करतो, तिथे मी हे कधीच विचारलं नाही. आपल्यातलेच लोक! २०२३ च्या दिवाळीत जेवणं झाल्यावर भाऊजी "एक गंमत दाखवतो" म्हणून वर गेले आणि पिस्तूल घेऊन आले. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, सगळे घेत होते तेव्हा घेतलेलं. पलंगाशेजारच्या टेबलाच्या खणात असतं म्हणाले. रिकामं आहे म्हणाले, आणि दाखवायला मॅगझिन काढलं तर त्यात गोळ्या होत्या. सगळे हसले. मीही हसले. घरी येताना गाडीत नवरा काही बोलला नाही, मीही नाही.

कायदा लागू झाल्यावर धीर करून वहिनींना फोन केला. म्हटलं, मुली येतात-जातात, खणाला कुलूप आहे का? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं ओळखतेस आम्हाला, आणि हे विचारतेस?" मी सॉरी म्हटलं नाही, पण दुसरंही काही म्हणता आलं नाही. चार दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला. कपाटाच्या वरच्या फळीवर नव्या तिजोरीचा खोका, वर प्लॅस्टिक तसंच, सील न फोडलेलं. खाली लिहिलं होतं, "घेतली बरं का!"

मी अंगठा पाठवला. मुलीला अजून सांगते, तू नको जाऊस, तिलाच आपल्याकडे बोलव.