बर काढणाऱ्याचा उत्साह

आमच्या कंपनीत अधूनमधून एक माणूस उत्साह शिकवायला येतो. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावतात, आम्हाला गोल उभं करतात आणि टाळ्या वाजवायला सांगतात. टाळ्या कमी पडल्या तर पुन्हा. सेकंड शिफ्टवाल्यांना त्यासाठी तासभर आधी यावं लागतं आणि तो तास कुठेच धरला जात नाही. गेल्या वेळी ते आटोपल्यावर आमच्या साहेबांनी मला थांबवलं. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक आहे. मोबाईलवर आलेलं काहीतरी दाखवत म्हणाले, "हे तर तुमच्याच बायबलमध्ये आहे की. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. नोटीस बोर्डावर लावू या का?"

मी म्हटलं, "लावा ना साहेब. पण त्याखाली पुढच्या अध्यायाचं पहिलं वचनही लावा."

"त्यात काय आहे?"

"ते मालकांसाठी आहे."

साहेब हसले. बोर्डावर अजून काही लागलेलं नाही.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आम्ही लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केला. बक्षीस म्हणून वचनाचं रंगीत कार्ड मिळायचं. साहेबांनी दाखवलेलं ते तेविसावं वचन प्रत्येकाला येतं. बाविसावं मात्र फारसं कोणाला आठवत नाही, आणि ते सुरू होतं दासांपासून. म्हणजे हे जिवेभावे करण्याचं सांगणं प्रेषित पौलाने दुकानदाराला किंवा अधिकाऱ्याला उद्देशून लिहिलेलं नाही. ज्याला पगार नाही, सुट्टी नाही, नोकरी सोडायची सोय नाही, अशा माणसाला ते लिहिलंय. आणि लिहिणारा स्वतः बेड्यांत होता. पत्र घेऊन पौलाचा सहकारी तुखिक निघाला, त्याच्यासोबत अनेसिम होता. हा अनेसिम फिलेमोनाचा दास. त्याला यापुढे दास म्हणून नको, भाऊ म्हणून स्वीकार, असं पौलाने फिलेमोनाला वेगळं पत्र लिहून कळवलं. कलस्सैच्या मंडळीत हे वाचलं गेलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या दासांनी आधी अनेसिमाकडे पाहिलं असेल, असं मला नेहमी वाटतं. मग आलं चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन: धन्यांनो, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. तेव्हा पुढे बसलेल्यांचे चेहरे कसे झाले असतील!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की हे वचन वरच्याने खालच्याला सुनवायचं नाही. ते खालच्याच्या हातात दिलेलं आहे. धनी बघतोय की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, कारण काम त्याच्यासाठी चाललेलंच नाही.

माझं काम सांगतो. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मी हायड्रॉलिक वाल्वच्या बॉड्यांवर बसतो. बॉडीत आडवी-उभी होलं एकमेकांना छेदतात, आणि जिथे छेदतात तिथे ड्रिलने लोखंडाची बारीक कड उचलली जाते. तिला आम्ही बर म्हणतो. ती काढायची. बाहेरची बर बोटाला लागते, ती कोणीही काढतो. आतली, शेजारच्या होलात झुकलेली बर दिसत नाही. होलाचं माप तपासायचं गेज आत जाऊन बाहेर येतं, कागदावर पीस ओके होतो आणि ट्रॉली पुढे सरकते. पुढे कधीतरी कुठल्यातरी जेसीबीत किंवा प्रेसमध्ये ती बर तुटून तेलात येते आणि वाल्व जाम होतो. तो जेसीबीवाला कोण, कुठला, मला कधी कळणार नाही. त्यालाही मी कळणार नाही. टॉर्च लावून, वाकडं स्क्रेपर आत घालून, पीस फिरवून पुन्हा बघायचा की नाही, हे नाइट शिफ्टला तीन वाजता माझं मी ठरवतो. तिथे टाळ्यांचा काही उपयोग नसतो.

शरणपूरला राहणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट नवी वाटू नये. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये ही वस्ती वसवली. आता शरणपूर रोड म्हटलं की लोकांना कपड्यांची दुकानं आणि सिग्नल आठवतो. पण गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकेकाळी इथे राहत होती, शिकत होती. सुतारकाम, लोहारकाम. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शोधमोहिमेत गेला. 1873 च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. आता हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. सामान वाटून घेऊन जो तो आपापल्या वाटेने गेला असता तर विचारणारं कोण होतं? पण बरोबरच्या त्या सगळ्या आफ्रिकी माणसांनी मिळून ठरवलं आणि त्याचं शव मिठात, उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून महिनोन् महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. वेनराइट लिहिणारा-वाचणारा. लिव्हिंग्स्टन वारला तिथल्या झाडावर नाव-तारीख त्याने कोरली. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. लिव्हिंग्स्टनबद्दल कोणाचं काय मत असायचं ते असो, इंग्रजांच्या कौतुकाच्या भाषणांत मलाही रस नाही. पण साहेब मेल्यानंतर केलेलं काम कोणी नोटीस बोर्डावर लावून करून घेतलेलं नसतं.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय कोणी आवडीने वाचत नाही. यरुशलेमच्या कोटाचा कुठला तुकडा कोणी दुरुस्त केला, याची नुसती यादी. मला तो फार आवडतो, कदाचित मी इन्स्पेक्शनची रजिस्टरं भरतो म्हणून. त्यात सोनार आहेत, गांधी म्हणजे अत्तर करणारे आहेत, एक जण आपल्या मुलींना घेऊन आलेला आहे. तकोवा गावच्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, हेही गावाच्या नावासकट टिपलेलं आहे. आणि एवढ्या नावांत बारूख नावाच्या एकाच माणसाबद्दल लिहिलंय की त्याने ते झटून केलं. भिंतीचा एक तुकडा, एका दरवाजापर्यंत. बापाचं नाव सोडलं तर बाकी त्याची काही माहिती तिथे नाही.

आमच्या मंडळीत उत्साहाला तोटा नाही, पण तो जास्त करून माईकजवळ असतो. नाताळच्या कॅरलला कीबोर्ड कोणी वाजवायचा यावर रुसवेफुगवे होतात, सतरंज्या कोणी झटकायच्या यावर मात्र कधी वाद ऐकला नाही. रविवारी आशीर्वाद होतो न होतो तोच तरुण मंडळी मिसळीला पळते. (मीही पळतो. नाशिकच्या माणसाला मिसळीबाबत वचन ऐकवू नये.) मागे एक काकू राहतात आणि बाकांवर पडलेली गीतपुस्तकं गोळा करून पानं दुमडलेली असतील तर सरळ करतात. त्यांना मी कधी जोरात गाताना पाहिलेलं नाही.

तरी एक सांगतो, सगळा वेळ झटून राहा असं बायबल म्हणत नाही. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवणारा संदेष्टा एलीया त्यानंतर लगेच रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला भाषण दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. नाइट शिफ्टचा आठवडा संपला की माझी बायको हेच करते आणि फोन सायलेंटवर टाकते.

परवा तरुण संघात पाळकसाहेबांनी मला 'उत्साह' या विषयावर बोलायला सांगितलं. मी वर लिहिलं तेच बोललो. शेवटी अंबड एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मुलाने हात वर केला. "दादा, बर काढतो मी. पण ओव्हरटाइमच देत नाहीत, मग?"

"बर काढ, आणि ओव्हरटाइमचा अर्ज दे. लेखी."

"दोन्ही?"

"पौलाने दोन्ही एकाच पत्रात लिहिलंय."

मग अर्ज मराठीत लिहावा की इंग्रजीत, एकट्याने द्यावा की सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, यावर अर्धा तास चर्चा रंगली आणि समारोपाची प्रार्थना घ्यायला पाळकसाहेबांना दोनदा उठावं लागलं. अर्जाचा मसुदा मी करतोय. सह्या घ्यायच्या असंच ठरलं.