चायना ग्रासचं कॉफी पुडिंग

ओव्हन नको, अंडं नको, क्रीमही नको. अर्धा लिटर दूध, चायना ग्रास आणि इन्स्टंट कॉफी एवढ्यावर पाच-सहा वाट्या पुडिंग होतं. गॅसपाशी उभं राहायचं ते वीसएक मिनिटं. चायना ग्रास समुद्रशेवाळापासून काढतात, त्यामुळे प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन न खाणाऱ्यांनाही हे चालतं. जपानमध्ये याच शेवाळाच्या अर्काला कांतेन म्हणतात आणि तिथली कॉफी जेली बऱ्याचदा त्यानेच घट्ट करतात.

प्रमाण असं: म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध 500 मिली, चायना ग्रासच्या काड्या 5 ग्रॅम (10 ग्रॅमच्या पाकिटातल्या निम्म्या), पाणी 200 मिली, साखर 70 ग्रॅम, चिमूटभर मीठ. कॉफी किती घालायची ते बाटलीवरचा मजकूर वाचून ठरवा. निव्वळ कॉफी असेल तर 5 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन लहान चमचे. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट पावडरींत चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) असते. ती रंग भरपूर देते, कॉफीचा वास मात्र कमी, म्हणून तशी पावडर असेल तर चार चमचे घ्या.

काड्या कात्रीने बारीक कापून त्याच 200 मिली पाण्यात 20 मिनिटं भिजवा. मग मंद आचेवर ढवळत उकळा. इथे घाई अजिबात करू नका, कारण पुडिंग बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. चायना ग्रास 85 अंशांच्या पुढेच नीट विरघळतं, नुसतं कोमट करून भागत नाही. सहा ते आठ मिनिटांनी चमच्यात थोडं घेऊन उजेडात धरा. धागा किंवा पारदर्शक कण दिसला तर अजून उकळा, नाहीतर खाताना तो दाताखाली रबरासारखा लागतो. साखर या पाण्यात घालू नका. साखर पाणी ओढून घेते आणि काड्या विरघळायला वेळ लागतो. ती दुधात जाऊ द्या.

शेजारच्या शेगडीवर दूध, साखर आणि मीठ एकत्र उकळत ठेवा. दूध गरमच हवं. थंड दुधात हे द्रावण ओतलं की ते जागच्या जागी गोठतं आणि दुधात शेवयांसारखे तंतू तरंगतात. द्रावण गाळणीतून उकळत्या दुधात ओता, दोन मिनिटं ढवळा आणि गॅस बंद करा.

कॉफी आत्ता घालायची, आधी नाही. दुधाबरोबर उकळत ठेवली तर वास उडतो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो. दोन मोठे चमचे गरम पाण्यात ती आधी विरघळवून घ्या, म्हणजे गुठळी होत नाही. सोबत किसलेलं जायफळ, अगदी चिमूटभर. मराठी घरांत कॉफीत जायफळ घालतात ते उगाच नाही. या दोघांची जोडी थंड पदार्थात तर आणखीच खुलते. वेलची मात्र टाळा, ती कॉफीला दाबून टाकते. गरम असताना चव पाहिली की मिश्रण थोडं जास्त गोड वाटायला हवं, कारण थंड झाल्यावर गोडी कमी लागते.

साय धरू नये म्हणून पाच मिनिटं ढवळत राहा आणि वाट्यांत ओता. 35 ते 40 अंशांच्या आसपास ते आपोआप घट्ट होतं, फ्रिज फक्त गारव्यासाठी लागतो. पातेल्यातच गोठलं तरी हरकत नाही, मंद आचेवर पुन्हा पूर्ण वितळवा आणि ओता. जिलेटिनपेक्षा हे पोताला ठिसूळ असतं, चमच्याने स्वच्छ कापलं जातं. तोंडात विरघळणारं मऊ पुडिंग आवडत असेल तर काड्या 4 ग्रॅम घ्या, पण मग ते साच्यातून उलटं काढायला जाऊ नका, वाटीतच वाढा.

फ्रीजरमध्ये ठेवलंत तर पोत स्पंजासारखा होऊन पाणी सुटतं. फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवशी कडेला थोडं पाणी दिसू लागतं. ते ओतून टाका, पुडिंगला काही झालेलं नसतं. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर उकळत्या दुधात टाकू नका, दूध फाटू शकतं. गुळाचा घट्ट पाक वेगळा करून वाढताना वरून सोडा.