मिसिसिपीचा सांडवा

मिनियापोलिसला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर मिसिसिपी वाहते. बाबा नाशिकहून आले की संध्याकाळचा फेरफटका तिच्याच काठी असतो. पाटबंधारे खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी गंगापूर धरणावर. पाणी दिसलं की ते कुठून येतं हे त्यांना विचारावंच लागतं. यंदा आल्या आल्या म्हणाले, "हिचा उगम दाखव मला." जूनच्या शेवटी तंबू, गळ आणि तीन दिवसांचा शिधा गाडीत भरून आम्ही चौघं इटास्का स्टेट पार्कला निघालो. वायव्येला चार तासांचा रस्ता.

जळाऊ लाकूड मात्र घरून न्यायचं नाही. ॲश जातीच्या झाडांना पोखरणारा किडा लाकडाबरोबर रानोरान पोचतो, म्हणून ते तिथेच विकत घ्यायचं. तळ्याकाठच्या 'बेअर पॉ' कँपग्राउंडवर तंबू उभा राहिला. नावातच अस्वलाचा पंजा आहे, तेव्हा खाण्याचं झाडून सगळं रात्री गाडीत. डास म्हणाल तर भातखाचरात बसल्यासारखे. मध्यरात्री बाबांनी मला हलवून उठवलं. "कोण रडतंय गं?" तळ्यावर लून पक्षी साद घालत होते. मिनेसोटाचा हा राज्यपक्षी. लांबून एकाने सूर लावायचा, पलीकडून दुसऱ्याने उचलायचा. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं पडल्या पडल्या ऐकत राहिलो.

सकाळी उगमावर गेलो. ब्रह्मगिरी चढलेल्या माणसाला गोमुख, कुंड, निदान एखादी पायरी तरी दिसेल असं वाटत असणार. इथे इटास्का तळ्याच्या उत्तर टोकाला दगडांची एक रांग आहे, तिच्यावरून पाणी सांडतं आणि पलीकडे गुडघाभर खोल ओढा सुरू होतो. शेजारी लाकडाचा एक खांब: समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर इथे मिसिसिपी सुरू होते आणि २५५२ मैलांचा वळणावळणाचा प्रवास करून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. बस. माझी लेक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मिसिसिपी ओलांडून आलीसुद्धा.

बाबा दगडांपाशी वाकून बसले होते. हात पाण्यात घालून चाचपत म्हणाले, "हे दगड बसवलेले आहेत. खाली काँक्रीट आहे. हा सांडवाच की!"

खरंच होतं ते. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, बेकार तरुणांना काम देणाऱ्या 'सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर' या सरकारी योजनेतल्या तरुणांनी हे काम केलं. मूळ प्रवाह दलदलीतून कसाबसा निघत असे. त्यांनी त्याला नवी वाट करून दिली, तळ्याच्या तोंडाशी काँक्रीटचा छोटा बांध घातला आणि वर दगड रचले. मला आधी वाईट वाटलं, म्हणजे उगमसुद्धा बांधलेला! बाबांना मात्र ते दगड जास्तच आवडले. "ऐंशी-नव्वद वर्षं पाणी जातंय वरून आणि दगड जागचा हललेला नाही. करणाऱ्याने मन लावून केलंय."

दुसरा आनंद त्यांना नकाशाने दिला. इथून निघालेली नदी आधी उत्तरेला बेमिजीकडे जाते, मग पूर्वेला वळते आणि त्यानंतर कुठे दक्षिणेची वाट धरते. "म्हणजे उत्तरवाहिनी!" असं म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढून पाण्यात भिजवला आणि डोळ्यांना लावला.

'इटास्का' हे नाव मला आधी इथल्या मूळ भाषेतलं वाटायचं. ते नाही. १३ जुलै १८३२ रोजी अमेरिकन संशोधक-प्रवासी हेन्री स्कूलक्राफ्ट इथे पोचला. 'वेरितास कापुत', म्हणजे 'खरं शीर्ष', या दोन लॅटिन शब्दांचं डोकं-शेपूट छाटून त्याने हे नाव तयार केलं. पण त्याला इथे आणलं ओझाविंदिब या नेत्याने, इथल्या मूळ ओजिब्वे जमातीतल्या. ओजिब्वे लोकांत या तळ्याला नाव होतंच, एल्क हरणाचं तळं. ज्याला वाट ठाऊक होती त्याने उगम दाखवला आणि 'शोध' दुसऱ्याच्या नावावर लागला. माझ्या मते त्या खांबावर पहिलं नाव ओझाविंदिबचं हवं.

आणि दुसरं मेरी गिब्जचं. जेकब ब्राउअर या इतिहासकार-सर्वेक्षकाने पाइनची ही जंगलं तोडीतून वाचवायला जिवाचं रान केलं, तेव्हा १८९१ मध्ये अवघ्या एका मताने पार्कचा कायदा मंजूर झाला. मिनेसोटातलं हे सर्वांत जुनं स्टेट पार्क. तरी लाकूडतोड थांबली नव्हती. ओंडके वाहून न्यायला धरण घालून पाणी तुंबवत, त्यात तळ्याची पातळी चढून काठची झाडं बुडत. १९०३ मध्ये पार्कचे आयुक्त असलेले वडील वारले आणि चोवीस वर्षांच्या मेरीकडे तो कारभार आला. धरणाचे दरवाजे उघडा म्हणून सांगायला ती गेली, तर समोर बंदूकवाले. तरफेला हात लावेल त्याला गोळी घालू, असं त्यांनी बजावलं. तिने हात लावला. गोळी सुटली नाही. आयुक्तपदावर ती काही महिनेच राहिली.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दरवाजा उघडायचा हुकूम घेऊन मीही उभा राहिलोय. वरचे लोक एकीकडे, खालचे एकीकडे. बंदूक नव्हती, पण हात थरथरायचा."

दुपार गळाची. नवरा मालवणचा, गरी टाकायला उतावीळ. राज्यातल्या रहिवाशांना स्टेट पार्कच्या हद्दीत पूर्णपणे येणाऱ्या तळ्यात मासेमारीचा परवाना लागत नाही, ही फार चांगली सोय आहे. आमिषाच्या बादलीतलं पाणी मात्र तळ्यात ओतायचं नाही, बाहेरचे जीव आत शिरतात. वॉलाय माशासाठी तो अंधार पडेपर्यंत होडीत बसला. मिळाला एकही नाही, पण लेकीने धक्क्यावरून गांडूळ लावून चार ब्लूगिल काढले. तळहाताएवढे मासे, काटे भरपूर. घरून आणलेला मसाला आणि रवा लावून शेकोटीवर तळले. बाबा शाकाहारी, त्यांनी भाजलेल्या कणसावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी वाइल्डरनेस ड्राइव्हच्या रस्त्यावर बायसनच्या, म्हणजे इथल्या रानगव्यांच्या, शिकारीची जागा पाहिली. १९३७ मध्ये रस्ता करताना हाडं सापडली, १९६० च्या दशकात उत्खनन झालं. सुमारे ८००० वर्षांपूर्वी शिकारी इथे दबा धरून बसत. ते बायसन आताच्यापेक्षा मोठे, केव्हाच नामशेष झालेले. आज तिथे फक्त गवत, झुळझुळ पाणी आणि एक फलक.

पहिल्याच दिवशी बाबांनी तंबूसमोर पाण्यात एक काठी रोवून चाकूने खूण केली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तंबू गुंडाळत असताना ते काठीपाशी उकिडवे बसले, चष्मा पुसला, खिशातली डायरी काढली. मी मागून डोकावले. धरणावर लिहीत तसंच, तारीख आणि वेळ घालून लिहिलं होतं: इटास्का, सकाळी ७.१०, पातळी स्थिर.