तुम्ही विचारलंत म्हणून: ॲप कुठलं चांगलं?

शैक्षणिक तंत्रज्ञानात एमए करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग मुलांसाठी ॲप कुठलं चांगलं?’ विचारणारे कधी शिक्षक असतात, कधी पालक. मी ‘शिकवायचंय काय?’ असं उलट विचारते, तेव्हा त्यांना वाटतं, हिला माहीत नाही म्हणून टाळतेय. टाळत नाही हो. शेवटी मुलाला काय करता यायला हवं आणि ते येतंय हे आपल्याला कळणार कशावरून, हे ठरल्याशिवाय आमच्याकडे कुणी साधनाचं नावही काढत नाही.

अपूर्णांकांची बेरीज घ्या: ३/४ + १/२. सरावाच्या ॲपमध्ये हमखास चार पर्याय असतात. चुकलं की लाल फुली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. मूल एकेक पर्याय दाबत शेवटी ५/४ वर पोचतं, वर टाळ्यांचा आवाजही ऐकतं. आता चुकीच्या पर्यायांत ४/६ ठेवून बघा. हा आकडा हवेतून आलेला नाही. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारं मूल नेमकं तिथेच जातं. त्याने तो निवडला की फुली दाखवायची नाही. ३/४ आणि ४/६ च्या दोन पट्ट्या एकाखाली एक दाखवायच्या आणि विचारायचं, मोठी कुठली? ३/४ मध्ये भर घातली आणि उत्तर ३/४ पेक्षाही लहान आलं, हे त्याचं त्यालाच दिसतं. असा एक पर्याय सुचायला मुलांच्या वह्या चाळाव्या लागतात. पट्ट्या पडद्यावर आणणं त्यामानाने किरकोळ काम.

शिकवण्याचं माध्यम बदललं की शिकणं सुधारतं का, यावरून या क्षेत्रात जुना वाद आहे. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली लिहिलं की माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक. ट्रक बदलल्याने कुणाचं पोषण सुधारत नाही. दुसरे संशोधक रॉबर्ट कोझ्मा यांना ते पटलं नाही: काही माध्यमांमुळे जे करता येतं ते इतरांत जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बरीचशी क्लार्क यांच्या बाजूची. पण त्या दोन पट्ट्या मूल चुकलं त्याच क्षणी, भरल्या वर्गात प्रत्येकासमोर वेगवेगळ्या आणणं एकट्या शिक्षकाला कसं जमणार? तिथे मला कोझ्मांचंही ऐकावं लागतं.

व्हिडिओंबद्दल मात्र मी ठाम आहे. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून व्हिडिओ मध्येच थांबवून ‘आत्ता काय सांगितलं?’ विचारणारं साधं पान मला झगमगीत ॲनिमेशनपेक्षा जवळचं वाटतं.

तरीही ॲपच हवं असेल, तर पैसे भरण्याआधी ते स्वतः उघडा आणि मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. मूल देईल तसं, पटण्यासारखं चुकीचं. मग बघा, ते ॲप काय करतं.