खुसखुशीत, पण मैद्याशिवाय

भाचीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मामा, मला ते खाताना अंगावर चुरा पडतो ना, तसलं काहीतरी पाहिजे." ती नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक, म्हणजे धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार, असल्याचं निघालं आणि गहू, बार्ली, राय तिच्या ताटातून कायमचे गेले. आता ती आठ दिवस माझ्याकडे राहायला येणार होती. मी हौशी बेकिंगवाला. मैद्याचे छोटे टार्ट, चीज स्ट्रॉ, पफ हे सगळं अंगवळणी पडलेलं, त्यामुळे "ये तू, करू आपण" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवतो न ठेवतो तोच ताईचा मेसेज आला, "आधी एकदा करून बघ, मग कबूल कर." तिला माझा स्वभाव ठाऊक आहे.

पहिल्या खेपेला मी नेहमीच्याच कृतीत मैद्याऐवजी तेवढंच तांदळाचं पीठ घातलं. गोळा झाला, पण लाटणं टेकवलं की कडेनं भेगा. चिकटवायला गेलो तर शेजारी नवीन भेग. शेवटी हातानंच थापून साच्यात दाबलं आणि भाजलं. बाहेर आलं ते वाळूच्या किल्ल्यासारखं, उचलताना भुगा. चुरा मागितला होता हे खरं, पण हा खायच्या आधीच पडला. शिवाय दाताखाली कचकच.

खरं तर पेस्ट्री करणारा माणूस जन्मभर ग्लुटेनला घाबरून असतो. मैद्यावर पाणी पडलं की ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंतून चिवट जाळं करतात, तेच ग्लुटेन. ते वाढू नये म्हणून आपण लोणी गार ठेवतो, पाणी बेतानं घालतो, पीठ फार मळत नाही. म्हणून मला वाटलं होतं की ग्लुटेनच नाही म्हणजे निम्मं काम आयतंच झालं. पण खुसखुशीत पेस्ट्रीलाही थोडं जाळं लागतंच. ते नसेल तर लोणी आणि पीठ शेजारी शेजारी नुसते बसून राहतात, एकमेकांना धरत नाहीत.

धरून ठेवायला झँथन गम घालतात. साखर आंबवून जिवाणूंकडून करवून घेतलेली ही पावडर पाण्यात पडली की बुळबुळीत होते आणि पिठाचे कण बांधते. दुसऱ्या खेपेला मी ती चहाच्या चमच्याऐवजी मोठ्या चमच्यानं घातली. गोळा सुरेख झाला, पोळी झकास लाटली गेली, आणि भाजल्यावर चावताना रबर. ती खेप कुणाला दाखवलीच नाही.

चार-पाच खेपांनंतर जे प्रमाण बसलं ते असं: तांदळाचं अगदी बारीक पीठ 100 ग्रॅम, टॅपिओका स्टार्च 60 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 40 ग्रॅम, झँथन गम सपाट एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. त्यात 100 ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळायचं, मग एक अंडं, मग गार पाणी एक-दोन मोठे चमचे. तांदूळ अंग देतो, टॅपिओकामुळे थोडी लवचिकता येते आणि कॉर्नफ्लोअरमुळे हलकेपणा. नुसता तांदूळ घातला की रवाळ लागतं, नुसता स्टार्च घातला की फिकट आणि कडक. झँथन पोटाला सोसत नसेल तर इसबगोलाची पूड चालते, पण ती पाणी जास्त पिते आणि रंग थोडा मळकट येतो.

पण खरी गोम प्रमाणात नव्हती, पाण्यात होती. मैद्याच्या सवयीनं मी पाणी थेंबाथेंबानं घालत होतो. तांदळाचा कण टणक असतो, तो पाणी सावकाश पितो. गोळा हाताला किंचित चिकट लागेल इतका ओला ठेवायचा, झाकून फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवायचा आणि तोपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. पाऊण तासानं तोच गोळा कोरडा, मऊ आणि शहाणा झालेला असतो. कचकचही याच पाऊण तासात गेली. मी उगाच पीठ बदलत बसलो होतो.

लाटायचं दोन बटर पेपरच्या मध्ये, पिठी लावून नाही. पिठी लावली की पीठ पुन्हा कोरडं पडतं. तीन मिलिमीटर जाडी झाली की कागदासकट दहा मिनिटं परत फ्रिजमध्ये, मग वरचा कागद सोडवायचा आणि पोळी खालच्या कागदासकट साच्यावर उलटी करायची. ती फाटणार. माझी प्रत्येक वेळी फाटते, साधारण साच्याची कड जिथे वळते तिथेच. तिथे उरलेल्या पिठाचा तुकडा ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबून सारवल्यासारखं करायचं. भाजल्यावर जोड शोधूनही सापडत नाही. मैद्याला असं ठिगळ लावलं तर ते उघडं पडतं.

इथेच मला या पिठाबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं. हे भाजताना आकसत नाही. मैद्याचा टार्ट ओव्हनमध्ये आत ओढला जातो, कारण ताणलेलं जाळं परत जागेवर यायला बघतं. इथे जाळंच नाही. कातरलेल्या कडा गोळा करून तीनदा लाटल्या तरी शेवटचा टार्ट पहिल्यासारखाच खुसखुशीत. पीठ जास्त मळलं जाईल ही धास्तीच संपली.

भाजताना मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. या पिठात प्रथिनं कमी, त्यामुळे तांबूस रंग लवकर चढत नाही. रंगाची वाट बघत बसलो तर टार्ट दगड होतो आणि रंग नसताना काढला तर बूड कच्चं. मी वरून फेटलेलं अंडं लावतो, 200 अंशांवर खालच्या कप्प्यात ठेवतो आणि एक टार्ट उचलून बूड बघतो. सारण घालायच्या आधी कवच एकदा रिकामंच भाजून घेतलेलं बरं, ओलं सारण या पिठाला पटकन लिबलिबीत करतं.

चीज स्ट्रॉला यातलं काहीच लागत नाही. त्याच पिठात 80 ग्रॅम किसलेलं कडक चीज आणि मिरपूड, पट्ट्या कापायच्या, भाजायच्या. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी. मी अर्थातच केली नाही.

पफ हे प्रकरण वेगळं. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं. गरम ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर वर उचलते, पण थरांनी वाफ धरून ठेवली तर. आपले थर धरत नाहीत, वाफ बाजूनं निसटते. पहिल्या पफचं लोणी सगळं ट्रेमध्ये वाहून आलं आणि चौकोन त्यातच तळून निघाले. मग लोणी गोठवून किसलं, पिठावर पसरलं, पत्रासारखी घडी घातली, फ्रिजमध्ये ठेवलं, परत लाटलं, असं तीनदा. पहिली दहा मिनिटं 220 अंश, मग 190. मैद्याच्या पफच्या निम्मेच फुगले. पापुद्रे आले, मोजता येतील इतके. यापेक्षा जास्त फुगवण्याचा नाद मी सध्या सोडलाय.

आता स्वच्छता. माझ्या मते यात खरी परीक्षा हीच. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मी कागदावर हिशेब मांडला. एक ग्रॅम मैद्यात साधारण 80 मिलिग्रॅम ग्लुटेन धरलं, तर चाळणीला चिकटलेला एवढासा मैदा किलोभर पदार्थ मर्यादेच्या चौपट बाहेर नेतो. त्या दिवशी लाकडी लाटणं आणि जुनी चाळणी बाजूला गेली आणि नवीन आणली. मैद्याचा डबा आठ दिवसांसाठी खोक्यात बंद. मैद्याची पिठी हवेत उडून बराच वेळ तरंगते, म्हणून आदल्या दिवसापासून घरात मैदा उघडलाच नाही. बेकिंग पावडरचं लेबलही वाचलं, कारण काहींमध्ये गव्हाचा स्टार्च असतो.

आणि एवढं सगळं करून मी मातीच खाल्ली असती. ती यायच्या आदल्या संध्याकाळी मशरूमचं सारण केलं, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतलं, शेवटी दोन चमचे सोया सॉस. पेस्ट्रीच्या चौदा पुड्या भरून भाजून तयार. जाळीवर गार होत होत्या, इतक्या देखण्या की मी फोटो काढला. मग बाटली कपाटात ठेवताना सहज मागे नजर गेली: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी. नेहमीचा सोया सॉस गहू घालूनच आंबवतात हे मी कुठेतरी वाचलेलंही होतं! हात गार पडले. पिठाचा कण न कण तपासणारा मी, सारणाकडे बघितलंच नव्हतं.

ताईला फोन करून सांगितलं. ती रागावली नाही, म्हणाली, "माझ्याकडून पहिल्या वर्षी तीनदा झालं. ट्रे घास, जाळी घास, कढई घास आणि झोप." ट्रे, जाळी, कढई, सगळं घासलं. त्या चौदा पुड्या पुढे मी एकट्यानं संपवल्या, त्याही ऑफिसात बसून. सकाळी उठून नवीन सारण केलं, फक्त मीठ, मिरी आणि लिंबू. खरं सांगायचं तर तेच जास्त चांगलं लागलं.

भाची दुपारी आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "यात काय काय आहे?" मी एकेक जिन्नस सांगितला, तिनं मान डोलवली, मग बाटल्या आणि पाकिटं मागून स्वतः वाचली. त्यानंतर दोन पुड्या आणि मूठभर चीज स्ट्रॉ घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसली.

रात्री ताईचा मेसेज आला, "जमलं का?" मी तिला सोफ्याचा फोटो पाठवला.