वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांचं कपाट: यंदाची भर

यंदा कपाटात भर थोडीच पडली, पण मनासारखी पडली. डॅनियल ऑलिव्हर यांचं १८६९ सालचं 'फर्स्ट बुक ऑफ इंडियन बॉटनी' एकदाचं मिळालं. पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कुलपांच्या ढिगाशेजारी पडलं होतं. मॅकमिलनचं प्रकाशन, कापडी बांधणी. कणा सैल झालाय, पण शिवण शाबूत आहे आणि पानं पुरी आहेत. सोलापूरला परत येताना गाडीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

ऑलिव्हर लंडनच्या क्यू उद्यानातल्या हर्बेरियमचे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे, प्रमुख होते. हे पुस्तक त्यांनी इथल्या शिकणाऱ्यांसाठी लिहिलं. आधी झाड हातात घ्या, त्याचे भाग सुटे करून बघा, नावं मागाहून, अशी त्यांची शिकवण्याची रीत. ती मला आजही पटते.

आणखी एक गोष्ट जुळून आली. वनस्पतिशास्त्रज्ञ केर्नर यांच्या 'नॅचरल हिस्टरी ऑफ प्लांट्स'चे जाडजूड खंड माझ्याकडे आधीपासून आहेत. मूळ ग्रंथ जर्मन. १८९४-९५ मध्ये ब्लॅकी या प्रकाशकानं इंग्रजीत काढला. तो इंग्रजीत आणणारे एफ. डब्ल्यू. ऑलिव्हर हे या डॅनियल यांचे चिरंजीव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातली वडिलांची प्राध्यापकी पुढे त्यांच्याकडेच आली. आता दोघे बापलेक एकाच फळीवर आहेत, आणि कपाट उघडलं की मला त्याचा आनंद होतो.

केर्नर घ्यायचा विचार असेल तर शीर्षकपान नीट वाचा. सुरुवातीच्या छपाईत अनुवादाला मदत करणाऱ्या म्हणून मेरियन बस्क आणि मेरी यूअर्ट अशी दोन बी.एस्सी. झालेल्या बायकांची नावं आहेत. नंतरच्या छपाईत त्याच दोघी लेडी बस्क आणि मिसेस मॅक्डोनाल्ड म्हणून येतात. विकणारा 'पहिली आवृत्ती' म्हणत असला, तरी आधी ही ओळ बघायची. मग रंगीत प्लेटा, म्हणजे वेगळी छापून घातलेली चित्रपानं, मोजायच्या. सगळ्या मिळून १६ असायला हव्यात. प्लेटा कापून, फ्रेम करून विकणारे बरेच आहेत. अशी लुटलेली प्रत हातात आली की मला खरोखर वाईट वाटतं. पान कापलं असेल तर शिवणीजवळ बोटभर पट्टी उरते. पुस्तक पूर्ण उघडून नखानं चाचपलं की ती लागते.

मोठे फ्लोरा, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या सगळ्या वनस्पतींची नोंद देणारे ग्रंथ, सोडून या प्राथमिक पुस्तकांच्या मागे का लागायचं, असं जुनी पुस्तकं जमवणाऱ्या आपल्यातले काही जण विचारतात. कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (१९०१-०८) थोरच आहे, पण तो ग्रंथालयांनी जपला आणि बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेनं पुन्हा छापलाही. मुलांच्या हातात गेलेली पुस्तकं मात्र वापरून वापरून फाटली आणि रद्दीत गेली. सर्वसामान्य माणसाला झाड बघायला कसं शिकवलं जात होतं, ते समजतं या फाटक्या पुस्तकांतूनच.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांचं १८५८ चं 'हाऊ प्लांट्स ग्रो' घ्या. त्यांनी सुरुवात केली ती मॉर्निंग ग्लोरीच्या वेलापासून: बी, त्यातला अंकुर, रोप, असं एकेक चित्र. यंदा पावसाळ्यात त्याच कुळातल्या आपल्याकडच्या निळवेलीचं बी रात्रभर भिजवून ब्लेडनं उभं चिरलं. आत बीजपत्रं चुरगळून कोंबलेली असतात. टाचणीनं हळूच उलगडली तर पातळ, हिरवट, टोकाला दुभंगलेली. शेजारी पुस्तक उघडं ठेवलं होतं. आयझॅक स्प्रेग यांच्या चित्रात ती घडी अशीच आहे. मग काही बिया कुंडीत टाकल्या. वर आली तीही दोन शिंगांची रोपं, चित्रातल्यासारखीच. पुस्तक दीडशे वर्षांपेक्षा जुनं, पण भिंग घेऊन बसलं की आजही शिकवतं.

आता डागडुजीबद्दल. ग्रँट अॅलन यांच्या 'स्टोरी ऑफ द प्लांट्स'ची (१८९५) पानं कडेनं तुटायला लागली होती. लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद आणि त्यात आपला कोरडा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा असं पुस्तक उघडूच नये. बुरशीचा त्रास मुंबई-कोकणापेक्षा इथे खूपच कमी, पण कागद कडक होतो आणि चामड्याला भेगा पडतात. म्हणून कपाट पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून मधल्या खोलीत आणलं.

फाटलेल्या कडांना पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतोय. खळीचा हात बसला तो शेजारच्या मामांमुळे. त्यांचं आयुष्य मागावर गेलं. ताण्याला खळ देणं त्यांच्या अंगात मुरलेलं. माझी पहिली वाटी बघून म्हणाले, "घट्ट झाली. बोटाला चिकटून बसली तर सूत तुटतं, तुझा कागद काय टिकणार?" पाणी घालून, फडक्यातून गाळून, पार निवल्यावर लावायला सांगितलं. तेव्हापासून पान लावल्यावर सुरकुती पडत नाही. खळीत मोरचूद टाकायची आपल्या बाइंडरांची जुनी चाल आहे. कसर लागत नाही हे खरं, पण तांब्याचा अंश पुढे कागदच खातो, तेव्हा ती टाळा. सेलोटेप तर चुकूनही नको.

मराठीकडे यंदा लक्ष कमी गेलं. डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधिसंग्रह' (१९२७) आहे, पण 'सृष्टिज्ञान' या विज्ञान मासिकाचे १९२८ पासूनचे सुरुवातीचे अंक हवे आहेत, निदान वनस्पतींवरचे लेख असलेले. दुसरा शोध नेर्न यांच्या 'फ्लॉवरिंग प्लांट्स ऑफ वेस्टर्न इंडिया'चा (१८९४). मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी केलेल्या माणसानं हौशी लोकांसाठी लिहिलेलं पुस्तक; माझ्या कपाटात त्याची जागा आधीच ठरली आहे. बांधणी गेलेली असली तरी चालेल, पानं मात्र पुरी हवीत. कुणाकडे जादा प्रत असेल तर बदल्यात केर्नरचा एक सुटा खंड द्यायला मी तयार आहे. तो माझ्याकडे दोनदा आला आहे आणि त्यातल्या प्लेटा सगळ्या जागेवर आहेत.